तारेच्या आतला कवळा

रिहे, ता. मुळशी
३ जुलै २०२४

चि. गौतमी,

तुझ्या चार ओळी पोचल्या. वाल्मीकनं मला दुकानात आत बोलावून, दार लोटून पाकीट हातात दिलं, जसा काही मी दारूची बाटली न्यायला आलोय. त्याचा दोष नाही. त्याच्या दुकानाच्या पत्त्यावर पाठव, असं मीच तुझ्या भावाकरवी, निषादकरवी, तुला कळवलं होतं. घरी पत्र आलं असतं तर तुझ्या सासूनं ते आधी उलटंपालटं करून पाहिलं असतं. तिला वाचता येत नाही, पण नाशिकहून काही आलं की तिला बरोबर वास येतो. फोनचं तर नावच नको. माझ्या कानाला स्पीकर लावल्याशिवाय ऐकू येत नाही, आणि स्पीकर लावला की अख्खी आळी हातातला घास खाली ठेवून ऐकत बसते.

तर लग्नाचं कळलं. मार्गशीर्षात करताय. माणूस चांगला आहे, मस्कतला नोकरी आहे, जुईलीला जीव लावतो, असं लिहिलंस. बरं झालं. मनापासून लिहितोय का म्हणशील, तर ही ओळ लिहिताना मी उठून पाणी पिऊन आलो. पण बरं झालं. तुझ्या वयाच्या बाईनं भिंतीकडे बघत जन्म काढावा असं मला वाटत नाही, आणि किशोरलाही वाटलं नसतं. शेखररावांना माझा नमस्कार सांग. सांगायला अवघड वाटलं तर राहू दे.

शेवटची ओळ मात्र मी पुन्हा पुन्हा वाचली. ‘परदेशी जाण्याआधी जुईलीला एकदा तिच्या बाबाच्या माळावर घेऊन येते, भाद्रपदात, फुलं असतील तेव्हा. घरी येणार नाही.’

ये. घरी का येणार नाहीस हे मी विचारत नाही. किशोरच्या दहाव्याला चार माणसांत रंभा तुला काय बोलली ते मी ऐकलंय. “तू फोन केलास म्हनून तो तसा पळत निघाला. पोरीला ताप आलाय म्हनं! तूच खाल्लास माझा लेक.” घोटावडे फाट्यावर त्याला उडवणारा तो कंटेनर तिच्या लेखी कधी नव्हताच, तुझा फोन तेवढा होता. तू जुईलीला कडेवर घेतलंस आणि भावाच्या गाडीत बसलीस. पोरगी तेव्हा तीन वर्षांची होती, आता सहाची झाली असेल.

ती अजून ‘मिकी माऊसची फुलं’ म्हणते, हे वाचून मला हसू आलं आणि मग काय झालं ते सांगत नाही. आपल्या बापजाद्यांनी कवळ्याला कवळाच म्हटलं. आषाढात कोवळे शेंडे खुडायचे, भाजी करायची, भाद्रपदात पिवळी फुलं आली की कोणी ढुंकून बघायचं नाही. फुलाच्या वरच्या पाकळीला दोन कान असतात, हे शोधायला आमच्या घरात किशोरच जन्मावा लागला. हिंजवडीच्या कंपनीत दिवसभर एसी दुरुस्त करायचा आणि सुट्टीला पोरीला खांद्यावर घेऊन माळावर. “आबा, ह्ये बगा कान!” मी म्हणायचो, हात लाव, पानं मिटतील, मग कान ऐकतोय की नाही ते कळेल.

राख नदीत नको, माळावर टाका, तो तिथंच रमायचा, असं तूच म्हणाली होतीस. रंभानं तुझं तेवढं एक ऐकलं. त्यानंतर तिच्याच सांगण्यावरून मी माळाला काटेरी तार मारली. आत गुरं नाहीत, शेळ्या नाहीत, विळा नाही, भाजी खुडणारा हात नाही. माझ्या पोराच्या अंगावरून कोणी चालायचं नाही, म्हणाली.

तू ये. कवळा यंदा छान उगवून आलाय. काळजी करू नकोस.

तुझा
आबा


रिहे
२४ जुलै २०२४

चि. गौतमी,

आशीर्वाद. पाऊस जोरात आहे, लावणी उरकली. शेजारच्या डोंगराला पुण्याच्या कोणा साहेबानं सपाट करून हिरवळीची गादी अंथरली आहे. भर पावसात तिला पाइपनं पाणी देतो. रखवालदार आहे बिहारचा, तो माझ्याकडे बघून हसतो, मी त्याच्याकडे बघून हसतो. दोघांची भाषा वेगळी असून मत एकच आहे.

कवळा बरा आहे. गवतही आहे थोडं. थोडं म्हणजे, आहे.

रंभा रोज जेवणं झाली की छत्री घेऊन माळावरच्या खडकावर जाऊन बसते. राखण म्हणे. कोणाची राखण करते देवाला ठाऊक, कारण तिच्या तोंडाच्या धाकानं त्या वाटेनं गावातलं कुत्रंसुद्धा जात नाही. परवा धोंडाबाईची एक शेळी तारेखालून मान घालत होती तर हिनं दगड भिरकावला. धोंडाबाईला तू ओळखतेस, आपल्या बांधाला बांध असलेली, बोलायला लागली की पाऊसही थांबून ऐकतो. ती खालून ओरडली, “मार, मार! शेळ्या हाकलल्यास, आता गवताला हाकल बघू!” दोघींची पंधरा वर्षांची मैत्री तारेनं तोडली. पूर्वी आषाढात दोघी मिळून कवळा खुडायला जायच्या आणि येताना पदर भरून चुगल्या आणायच्या.

रंभाचं खाणं कमी झालंय. भात चिवडते. मी ओरडलो तर म्हणते, “तुमीच जेवा, तुमाला भूक लागती.” जशी काही भूक लागणं हा गुन्हा आहे. तीन वर्षांत ती पोटभर जेवलेली मला आठवत नाही.

एक विचारायचं होतं. फुलं समजा थोडी कमी असली, तर जुईलीला चालेल का? तसं काही नाही, सहज विचारतोय. लहान पोरांना किती लागतात ते आता माझ्या लक्षात नाही.

तू काही लिहिलंस तर वाल्मीककडेच धाड.

आबा


रिहे
११ ऑगस्ट २०२४

चि. गौतमी,

दोन्ही पत्रांत मी तुला खोटं लिहिलं. तारेच्या आत कवळ्याचं एक रोप नाही. गेल्या वर्षी चार होती, त्याच्या आदल्या वर्षी कोपऱ्यात बऱ्यापैकी. यंदा नाही. माझ्या छातीएवढं कुसळी गवत उभं आहे आणि त्याच्या बुडाशी जुनं, कुजलेलं गवत गादीसारखं दाबून बसलंय. मी हातांनी फेडून पाहिलं. खाली माती काळी, ओली आणि मोकळी. काही नाही.

तू ‘येते’ म्हणालीस आणि माझ्या हातून ‘ये’ लिहिलं गेलं. पुढचं खोटं त्या ‘ये’साठी लिहिलं. नातीचं तोंड बघायला मिळावं म्हणून म्हातारा माणूस आणखीही खोटं बोलेल, पण तू आल्यावर डोळ्यांनी बघणारच, तेव्हा उपयोग नाही.

कवळा का गेला, ते मला धोंडाबाईच्या बांधावर कळलं. तिच्या बांधावर तो बोटभर उंच, दाट, हिरवागार. तिथं तिच्या शेळ्या रोज तोंड घालतात, माणसं चालतात, ती स्वतः खुडते. मी बघत उभा राहिलो तर म्हणाली, “काय बगताय? जितं रोज कोन ना कोन तुडवतंय तितं तो हाय. तुमी त्याला देवघरात बसवला, मग गवतानं खाल्ला.” कवळ्याचं झाड ते केवढं, गुडघ्याच्या खाली. त्याला ऊन लागतं. गुरं चरायची, दिवाळीनंतर आपण गवत कापायचो, त्यानं माळ बोडका व्हायचा आणि कवळ्याला ऊन मिळायचं. आपण त्याची राखण केली आणि राखणीनंच तो मेला. हे मला सहासष्टाव्या वर्षी कळतंय. जन्म गेला ह्या मातीत, कपाळ माझं.

रंभाला मी सांगितलं, तार काढू, गवत कापू, गुरं सोडू. ती माझ्याकडे अशी बघायला लागली की मी पुढचं गिळलं. “त्याच्या अंगावर गुरं घालता व्हय?” एवढंच म्हणाली.

मग मी दुसरा उपाय केला. हसू नकोस. आम्ही भातवाले, आम्हाला एकच गोष्ट येते. एका जागी रोप वाढवायचं, उपटायचं आणि दुसऱ्या जागी लावायचं. धोंडाबाईकडे गेलो, म्हटलं, किशोरची पोरगी येतीय भाद्रपदात, तिला फुलं दाखवायचीत. ती बाई एरवी चिमूटभर मीठ देताना चार शब्द ऐकवते. ह्या वेळी पदर खोचून उठली. मग म्हणाली, “न्या. समदा न्या. मला म्हातारीला भाजी न्हाई मिळाली तर मरत न्हाई मी.” आम्ही दोघांनी मिळून तिचा अख्खा बांध मोकळा केला. भाताच्या रोपांसारख्या मुठी बांधल्या. रंभा शेजारच्या भरे गावी बहिणीकडे गेली होती, तो दिवस साधला. राखेच्या जागी चटईएवढं गवत मुळासकट काढलं, चिखल केला आणि ओळीनं लावणी केली. अंगठ्यानं दाबून, भातासारखी. संध्याकाळ झाली तशी पानं मिटली. धोंडाबाई म्हणाली, झोपला. मला लई बरं वाटलं.

भोवती गवत उभं आहे, त्यामुळे रंभाला खडकावरून काही दिसत नाही. आता भाद्रपदापर्यंत धरला म्हणजे झालं. तू ये. फुलं असतील. ह्या वेळी खोटं नाही.

आबा


रिहे
१ सप्टेंबर २०२४

चि. गौतमी,

तुझी ओळ मिळाली. ‘पंधरा तारखेला रविवारी येतो. जुईलीला सांगून झालंय.’

आता तिला नाही कसं सांगायचं, ते तू बघ. मला जमत नाही.

रोपं मेली. मिटलेली पानं दुसऱ्या दिवशी उघडलीच नाहीत. मला वाटलं, नवी जागा आहे, लाजतायत. मग पिवळी पडली, मग काळी. भाताची मुळं उथळ, झुपक्यासारखी, उपटली तरी धरतात. कवळ्याचं मूळ सरळ खाली जातं आणि आम्ही ते सगळं मधून तोडलं होतं. शिवाय भातासाठी करतात तसा पाणथळ चिखल केला मी, त्यात तो सडला. धोंडाबाईच्या बांधावर आता बोडकी माती आहे. तारेच्या आतही नाही आणि बाहेरही नाही. आसपास शोध शोध शोधलं. साहेबाच्या हिरवळीत कुठून येणार? खालच्या ओढ्याला भिंत घातली आहे. रिह्यात यंदा कवळा नाही, आणि शेवटचा मी स्वतःच्या हातानं मारला. 

रंभाला कळलंच. ऊन पडलं होतं, ती खडकावरून उठून आत गेली आणि तिला तो उकरलेला चौकोन दिसला. तिला वाटलं कोणी किशोरची राख खणून नेली. गावात काय काय ऐकू येतं, तिच्या डोक्यात जादूटोणा आला. ती तशीच धावत, केस सुटलेली, घरी आली आणि मला मीच केलं म्हणून सांगावं लागलं. का केलं तेही सांगावं लागलं. म्हणजे तू येणार आहेस, जुईली येणार आहे, आपली पत्रं, वाल्मीकचं दुकान, सगळं बाहेर पडलं.

तिनं आरडाओरडा केला असता तर मला सोसलं असतं. ती म्हणाली, “पोरीला बोलावलं ते बरं केलं. माझ्यापासनं लपवलं तेबी बरं केलं.” आणि चुलीपुढं जाऊन बसली. त्या दिवसापासून माळावर जात नाही. छत्री खुंटीला आहे. मी हात जोडून म्हणालो, रविवारी तू ये माळावर, पोरीला बघ, सूनबाईला जे बोललीस त्यावर पाणी सोड. तर म्हणाली, “मी आले की ती पोरीला उचलून गाडीत घालंल. अन् घालंलच ती. मी तिच्या जागी असते तर मीबी घातली असती.”

म्हणून सांगतो, ती घरीच असेल. तिचं तोंड तुला बघावं लागणार नाही. मी रस्त्यावर उभा राहीन, भऱ्याकडून येताना डाव्या हाताला मोठं जांभळाचं झाड लागतं, तिथं. गाडी तिथंच लावा. पुढं चिखल आहे.

जुईलीला काय सांगायचं ते मी विचार करतोय. अजून सुचलेलं नाही.

आबा


रिहे
२३ सप्टेंबर २०२४

चि. गौतमी,

तुम्ही गेल्यावर जे झालं ते तुला सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. तू उत्तर दे अगर न दे.

मी तुझ्या शिव्यांची तयारी करून आलो होतो. तू चपला काढल्यास आणि त्या मेलेल्या रोपांच्या चौकोनापाशी उभी राहिलीस, बस्स. त्यापेक्षा शिव्या बऱ्या होत्या. जुईलीचे लाल बूट, दोन वेण्या, वेण्यांना पांढऱ्या रिबिनी. चालण्यात बापाची ढब आहे, उजवा पाय जरा बाहेर टाकते. ती दोन्ही हातांनी गवत बाजूला करत सगळा माळ हिंडली. “आबा, मिकी माऊस कुठंय?” मी म्हटलं, यंदा न्हाई आला बाळ. “का नाही आला?” मी म्हटलं, माझं चुकलं. ती म्हणाली, “मग बाबा कुठंय?” तेव्हा तू तिला जवळ ओढलंस. “इथे तर नुसतं गवत आहे,” ती म्हणत होती. ते ऐकल्यापासून जेवताना, झोपताना माझ्या कानात तेच आहे, आणि ह्याला स्पीकर लागत नाही.

जाताना तू विचारलंस, आई घरी आहेत ना? मी हो म्हणालो. मला खरंच तसं वाटत होतं.

ती घरी नव्हती. तुमची गाडी वळणापलीकडे गेली आणि तारेच्या वरच्या अंगाला करवंदाची जाळी आहे, तिच्यामागून रंभा बाहेर आली. लुगडं फाटलेलं, हाताला ओरखडे. तुमच्या आधीपासून येऊन ती त्या काट्यात बसली होती. मी धावलो. मला वाटलं, रडेल, पडेल. ती मला म्हणाली, “किती मोठी झाली वो?”

मी म्हटलं, तू बघितलीस की.

“कुटं बगितली? नुसत्या रिबिनी. गवताच्या वर नुसत्या दोन रिबिनी हलत व्हत्या, हितनं तितं, तितनं हितं. मी म्हनलं, आता वर बगंल, आता बगंल. आवाज आला तिचा. तोंड न्हाई दिसलं. डोळं कुनासारकं हायेत?”

किशोरसारखे, मी म्हटलं.

मग ती खाली बसली. तीन वर्षांत मी तिला तशी रडताना पाहिली नव्हती, दहाव्यालाही नाही. राखेवर एक पाऊल पडू नये म्हणून जे गवत वाढू दिलं, त्यानं तिची नात तिच्यापासून झाकली. हे मी तिला म्हणालो नाही. म्हणायची गरजच नव्हती, ती दोन्ही मुठींनी गवत उपटत होती आणि कुसळ्यांच्या पात्यांनी तिचे हात कापत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी विळा घेऊन गेली. मला हात लावू दिला नाही. सगळा माळ तिनं एकटीनं कापला, आठवडा गेला त्यात. काल संपलं. मी तार सोडवली, तेवढं मात्र मला करू दिलं. मग ती स्वतः धोंडाबाईच्या दारात गेली. पाच मिनिटं दोघी एकमेकींकडे बघत उभ्या होत्या, असं धोंडाबाईची सून सांगते. रंभा म्हणाली, “आन तुझ्या शेळ्या.” धोंडाबाई म्हणाली, “आनते. पन तू घरी ऱ्हा, बगवायचं न्हाई तुला.” रंभा घरी राहिली नाही. खडकावर बसून तिनं शेळ्या माळावर शिरताना पाहिल्या. एक पाट, तरणी शेळी, त्या चौकोनावर जाऊन उभी राहिली तेव्हा रंभानं माझा हात धरला. दगड नाही उचलला.

हे तुला कळावं म्हणून लिहिलं. त्यानं तुझ्या वाट्याचं काही परत येत नाही, आणि जुईलीनं पाहिलं ते गवतच.

लग्न नीट पार पडू दे. आम्हाला बोलावू नकोस, शोभणार नाही. इथून हात जोडीन.

आबा


रिहे
२० जुलै २०२५

चि. सौ. गौतमी,

मस्कतचा पत्ता निषादनं दिला. देताना कां कू करत होता, मी म्हटलं, बाबा रे, पत्र आहे, मी स्वतः थोडाच येतोय. पोचेल की नाही माहीत नाही. पोस्टातला माणूस म्हणाला, पोचेल, पण तुम्ही असं जाडजूड का लिहिता?

सप्टेंबरातल्या पत्राला तुझं उत्तर आलं नाही, त्याबद्दल मी काही म्हणत नाही. जुईली तिकडच्या शाळेत रमली का? तिकडे म्हणे पाऊसच नसतो. मग पोरं शाळेला दांडी कशाच्या जोरावर मारतात?

कवळा आला आहे.

फार नाही. शेळ्यांच्या, गुरांच्या खुरांनी खळगे पडलेत ना, त्यांच्या काठानं. बी मातीतच असणार इतकी वर्षं. मी काही लावलं नाही, शप्पथ. मी आता काहीच लावत नाही, धोंडाबाईनं मला माळावर कुदळ न्यायची बंदी केली आहे. तिच्या बांधावर मात्र अजून काही नाही. ती म्हणते, येईल, नाहीतर नाही येणार. मला तिच्याकडे बघवत नाही आणि ती मला त्यावरून एक शब्दही बोलत नाही, हे त्याहून वाईट.

राखेच्या चौकोनात सगळ्यात दाट आहे. आता ह्याचं काय करायचं, हा प्रश्न पडला. खुडला नाही तर उंच, रोडका होतो. शेंडे खुडले की फुटवे फुटतात, मग फुलंही जास्त येतात. हे रंभाला माझ्याआधी ठाऊक आहे. पण खुडायचा म्हणजे भाजी आली. आणि त्या जागेवरची भाजी शिजवायची कोणी आणि खायची कोणी? मी तर म्हणालो, खुडून शेळ्यांना घाल.

ती सकाळीच गेली. पदरात खुडून आणलं. नेहमीसारखं निवडलं, कांदा, लसूण, भिजवलेली मुगाची डाळ. घरभर तो वास सुटला. किशोर सातवीत असताना ह्याच वासानं शाळेतून पळून यायचा. ताट वाढलं. मी हात मागं घेतला. म्हटलं, रंभा, मला नाही जायची.

“त्याची आवडती भाजी हाय,” ती म्हणाली. “तो गेला म्हनून ती टाकायची व्हय? आपुन न्हाई खाल्ली तर कोन खानार?”

तिनं भाकरी मोडली, घास घेतला, चावला. मी तिच्या तोंडाकडे बघत होतो. मग मीही खाल्ली. तुरट असतो तो जरा, डोळ्यांत पाणी यायचं कारण नाही. तिनं दुसऱ्यांदा वाढून घेतली. चार वर्षांनी, गौतमी. चार वर्षांनी ह्या बाईनं मागून घेतलं.

भाद्रपदात फुलं येतील असं वाटतं. आता मी वचन देत नाही कोणाला. आली तर वाल्मीक फोटो काढून निषादला पाठवील, पुढं काय करायचं ते तुझं तू ठरव. जुईलीला गवत आठवत असेल तर गवत आठवू दे.

मी हे लिहितोय आणि रंभा समोर बसली आहे. मघापासून तिचं चाललंय, माझंबी लिवा. मी म्हटलं, सांग. तर सांगेना. उठून शेगडी पुसली, पुन्हा बसली. आता सांगते आहे. जसं बोलली तसं लिहितो, माझा एक शब्द त्यात नाही.

‘लेकराला ताप आल्यावर आई बापाला फोन करनारच. मीबी केला असता. तुजं काय चुकलं न्हाई.’

झालं का, मी विचारलं. झालं, म्हणाली. मग पत्र माझ्या हातातून घेतलं, उलटं धरलं, मी सुलट करून दिलं.

“ह्यातली माझी वळ कंची?”

मी दाखवली. तिनं तिच्यावर बोट ठेवलं आहे, आणि ते उचलल्याशिवाय मला पत्राची घडी घालता येत नाही.

आबा